सोन्याचा कस आणि त्यावरील छाप

(नभोवाणीवरील भाषण)



आपल्या घरांत अशा फार थोड्या वस्तु असतात कीं, ज्यांची खरी परीक्षा घेतांना नव्हे, तर मोडतांना होते. कापड चार धुण्यांत कळतें, तांदूळ पहिल्या घासाला कळतो, भांडें पहिल्या आंचेला कळतें. सोनें मात्र वर्षानुवर्षें अंगावर वागवलें, कपाटांत जपलें, सणावाराला काढून पुसलें, तरी आपल्या पोटांतली गोष्ट सांगत नाहीं. ती तें एकदांच सांगतें. आणि तीहि बहुधा अशा दिवशीं कीं, ज्या दिवशीं ती ऐकण्याची आपली मुळींच तयारी नसते.

माझ्या एका मावशींची हकीकत सांगतों. त्यांच्या लग्नांत पांच तोळ्यांच्या पाटल्या झाल्या होत्या. सोनार घरोब्याचा, पिढीजात विश्वासाचा. त्याच्याजवळ कसाची पावती मागणें म्हणजे त्याचा अपमान करणें, अशी त्या वेळची समजूत. पुढें वीस-बावीस वर्षांनीं यजमानांच्या दुखण्यांत त्या पाटल्या मोडण्याची वेळ आली. दुसऱ्या गांवच्या एका सराफानें त्या आटवून पाहिल्या आणि कस सांगितला अठरा कॅरटांचा. मावशी बावीस कॅरटांचा हिशेब मनांत धरून गेल्या होत्या. चोवीस भागांपैकीं चार भाग सोनें कमी. म्हणजे पांच तोळ्यांच्या मागें पुरे दहा मासे कमी. औषधपाण्याचा खर्च कसाबसा भागला. पण मावशी मला म्हणाल्या, "अरे, पैसे कमी आले याचें इतकें नाहीं वाटलें. इतकीं वर्षें ज्याच्या आधारावर मी निर्धास्त होतें, तो आधार तेवढा नव्हताच, याचें वाटलें."

यांत कोणी जाणूनबुजून फसवलें कीं काय, हें आज कोणालाहि सांगतां येणार नाहीं. घडवणाराच्या हातीं आलेलें सोनेंच कदाचित् हलकें असेल. सोनार वारला होता, दुकान उठलें होतें, आणि पाटल्यांवर कसलीहि खूण नव्हती. तात्पर्य, प्रश्न होता, पण उत्तर द्यायला कोणी उरलें नव्हतें. दागिन्यावरील छाप ही वस्तुतः याच अडचणीवर काढलेली तोड आहे. सोन्याबद्दल कोणीतरी कायमचें बांधलेलें असावें, यासाठीं तो छाप असतो. तो कसा वाचावा आणि त्यावर किती विसंबावें, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

प्रथम कस म्हणजे काय तें पाहूं. शुद्ध सोनें फार मऊ असतें. त्याची बांगडी केली तर ती हातांतल्या हातांत वाकेल, आणि त्याचें कोंदण खडा घट्ट धरून ठेवणार नाहीं. म्हणून त्यांत तांबें, रुपें, जस्त असे धातु मिसळावे लागतात. तांबें अधिक पडलें तर सोन्यावर लाली येते. रुपें अधिक पडलें तर तें फिकट दिसूं लागतें. या मिसळीला आपण हीण म्हणतों. परंतु हीण घालणें हा गुन्हा नव्हे. ती कारागिरीची गरज आहे. गुन्हा आहे तो किती हीण घातलें हें लपवण्यांत.

एकंदर मिश्रणाचे चोवीस भाग कल्पिले, तर त्यांत जितके भाग खरें सोनें तितके कॅरट. बावीस कॅरट म्हणजे बावीस भाग सोनें आणि दोन भाग हीण. हेंच प्रमाण आतां हजारांत सांगण्याची पद्धति आहे. बाविसाला चोविसानें भागून हजारानें गुणलें कीं ९१६ येतात. पुढचा अपूर्णांक सोडून देतात. जाहिरातींतून आपण ज्या '९१६' चा गजर ऐकतों, त्यांत एवढेंच गणित आहे. भारतीय मानकाप्रमाणें १४ कॅरटास ५८५, १८ कॅरटास ७५०, २० कॅरटास ८३३, २२ कॅरटास ९१६, २३ कॅरटास ९५८ आणि २४ कॅरटास ९९५ असे आंकडे ठरलेले आहेत. २०२५ सालीं ९ कॅरटाची ३७५ ही प्रतहि त्या यादींत आली. दहा ग्रॅमांचा दागिना ९१६ चा असेल तर त्यांत ९.१६ ग्रॅम सोनें आहे. तोच ७५० चा असेल तर साडेसात ग्रॅम आहे. दोन्ही दागिने डोळ्यांना सारखेच पिवळे दिसूं शकतात.

वजनाविषयींहि एक सूचना येथेंच करून ठेवतों. जुना तोळा बारा माशांचा, म्हणजे ११.६६४ ग्रॅमांचा. आजच्या बाजारांत तोळा म्हणतांना पुष्कळदां दहा ग्रॅम अभिप्रेत असतात. आजीच्या पांच तोळ्यांची नातीच्या पांच तोळ्यांशीं तुलना करतांना हा भेद ध्यानांत ठेवावा, नाहींतर निष्कारण कोणावर तरी संशय जावयाचा.

हा कस डोळ्यांनीं कळत नाहीं, हें आपल्या पूर्वजांना पक्कें ठाऊक होतें. आपली भाषाच त्याची साक्ष देते. प्रसंगीं माणसाचा कस लागतो, संकटाची वेळ ही कसोटीची वेळ असते, विद्वान् लोक निकष लावतात, टाकाऊ मालाला आपण हिणकस म्हणतों आणि उत्तमाला बावनकशी. सोनें दगडावर घासून पारखण्याच्या त्या एका व्यवहारांतून हे सारे शब्द घरोघर पोंचले आहेत. सराफ दागिना कसोटीवर घासतो, शेजारीं ठाऊक असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढतो, वर तेजाब लावतो आणि दोन रेघांचा रंग ताडून पाहतो. ही विद्या खरी आहे, आणि मुरलेल्या डोळ्याला ती पुष्कळ सांगते. पण तिला दोन मर्यादा आहेत. एक, ती दागिन्याच्या वरच्या थराचीच परीक्षा करते. दुसरी, रेघेचा रंग कोण वाचतो यावर तिचा निकाल अवलंबून असतो.

या दुसऱ्या मर्यादेचा विचार कौटिल्यानें आपल्या अर्थशास्त्रांत फार मार्मिकपणें केला आहे. कलिंग देशचा, मुगाच्या रंगाचा कसोटीचा दगड तो उत्तम मानतो. पण त्यापुढें जाऊन तो दगडांचे प्रकार सांगतो. जो रंग आहे तसा दाखवतो तो विक्रीला व खरेदीला सारखाच योग्य. जो रंग चढवून दाखवतो तो विकणाराच्या हिताचा. आणि जो खरखरीत असून रंग उठूं देत नाहीं तो घेणाराच्या हिताचा. म्हणजे दगड देखील कोणाचा तरी पक्ष घेतो! बोटांना द्रव्यें माखून सोन्याचा रंग पालटण्याच्या युक्त्या, खोटे तराजू, वर सोन्याचा पत्रा आणि आंत दुसराच धातु, या सर्वांची त्यानें नोंद केली आहे आणि त्यांवर देखरेख ठेवणारे अधिकारी सांगितले आहेत. यांतून निघणारा बोध उघड आहे. परीक्षा घेणाराच्या घरीं होऊं नये आणि देणाराच्याहि घरीं होऊं नये. ती तिसऱ्याच्या घरीं व्हावी.

'हॉलमार्क' हा शब्द नेमका याच बोधांतून जन्मला. इंग्लंडांत पहिल्या एडवर्ड राजाच्या कारकीर्दींत, १३०० सालीं, असा कायदा झाला कीं, सोनारांच्या संघाच्या रखवालदारांनीं दुकानोदुकानीं जाऊन माल पारखावा आणि पसंत मालावर बिबळ्याच्या मुखाचा छाप मारावा. पुढें १४७८ सालापासून लंडनच्या सोनारांना आपला माल संघाच्या सभागृहांत, म्हणजे 'हॉल'मध्यें, पारखण्यासाठीं न्यावा लागूं लागला. हॉलमध्यें मारलेला छाप तो हॉलमार्क. त्याच सुमारास छापांत दरसाल बदलणारें एक अक्षरहि घालण्यांत येऊं लागलें. हेतु हा कीं, पुढें माल हिणकस निघाला तर त्या सालीं पारख कोणी केली होती तें कळावें. मला या सर्व इतिहासांत तें लहानसें अक्षरच फार महत्त्वाचें वाटतें. बिबळ्याचें मुख म्हणजे राजाचा दरारा. पण तें अक्षर म्हणजे माणसाची जबाबदारी.

आपल्या देशांत सोन्याच्या कसाशीं सरकारचा संबंध आला तो आधीं निराळ्या रीतीनें. १९६३ च्या जानेवारींत सुवर्ण-नियंत्रणाचे नियम निघाले आणि नवीन दागिना चौदा कॅरटांहून अधिक शुद्ध घडवण्यास बंदी झाली. त्या बंदीनें कित्येक सोनारांच्या भट्ट्या विझल्या. ही मर्यादा १९६६ सालीं उठली. नंतरचा १९६८ चा सुवर्ण-नियंत्रण कायदा १९९० सालीं रद्द झाला. चौदा कॅरटांची ती मर्यादा सोनें किती शुद्ध वापरावें हें ठरवीत होती. हॉलमार्कची दृष्टि याच्या उलट आहे. तुम्ही चौदा कॅरट घ्या, अठरा घ्या, बावीस घ्या. जें घ्याल तें तेंच असल्याची ग्वाही मात्र मिळाली पाहिजे, एवढेंच ती म्हणते.

ही योजना भारतीय मानक ब्यूरोनें सोन्यासाठीं २००० सालीं आणि चांदीसाठीं २००५ सालीं सुरू केली. आरंभीं ती ऐच्छिक होती. १६ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांस ती सक्तीची झाली, आणि पुढें टप्प्याटप्प्यानें आणखी जिल्हे तींत आले. १ एप्रिल २०२३ पासून अशा जिल्ह्यांतील सराफास सहा अक्षरी क्रमांक असलेलाच दागिना विकतां येतो.

आतां हा छाप मिळतो कसा तें सांगतों. सराफ आपला माल मान्यताप्राप्त परीक्षण केंद्राकडे पाठवतो. तेथें प्रथम क्ष-किरणांच्या यंत्रानें दागिने तपासतात. हें यंत्र कांहीं क्षणांत निकाल देतें, आणि दागिन्याला ओरखडाहि उठत नाहीं. पण कसोटीच्या दगडाप्रमाणें त्याचीहि नजर वरच्या थरापलीकडे फारशी जात नाहीं. म्हणून मालांतील नमुन्यांची अग्निपरीक्षा घेतात. नमुन्याचा कण अचूक तोलून त्यांत ठराविक चांदी घालतात आणि तो शिशाच्या पत्र्यांत गुंडाळून सच्छिद्र वाटींत घालून सुमारें हजार अंश उष्णतेच्या भट्टींत ठेवतात. शिसें वितळतें आणि तांब्याजस्तासारखें हीण बरोबर घेऊन वाटींत जिरून जातें. मागें सोन्याचांदीचा मणी उरतो. तो ठोकून पातळ करतात आणि तेजाबांत उकळतात. चांदी विरघळून जाते, सोनें उरतें. तें पुन्हां तोलतात. आधींचें वजन आणि नंतरचें वजन, या दोहोंच्या प्रमाणांत सारा निकाल असतो. येथें रंगाचा प्रश्न नाहीं, नजरेचा नाहीं, ओळखीचा नाहीं. आपल्याकडे अग्निदिव्याची जी कल्पना आहे, ती निदान सोन्याच्या बाबतींत अक्षरशः शास्त्रशुद्ध आहे.

परीक्षेंत उतरलेल्या दागिन्यावर आतां तीन खुणा उठवतात. पहिली, भारतीय मानक ब्यूरोचें त्रिकोणी चिन्ह. दुसरी, कसाची, उदाहरणार्थ, इंग्रजी लिपींत '२२के९१६'. तिसरी, अक्षरें व आंकडे मिळून झालेला सहा अक्षरी क्रमांक. हा क्रमांक प्रत्येक डागाचा वेगळा असतो. दोन बांगड्यांच्या जोडींतील दोन्ही बांगड्यांचा सुद्धां सारखा नसतो. ब्यूरोच्या 'बी.आय.एस. केअर' या मोबाईलवरील साधनांत हा क्रमांक घातला कीं, दागिन्याचा प्रकार, त्याचा कस, तो कोणत्या सराफानें पाठवला, कोणत्या केंद्रानें पारखला आणि केव्हां, एवढी माहिती समोर येते. लंडनच्या त्या जुन्या अक्षराचें काम आतां या सहा अक्षरांनीं पत्करलें आहे. २०२१ पूर्वींच्या दागिन्यांवर असा क्रमांक नसतो; त्यांवर त्रिकोणी चिन्ह, कसाचा आंकडा, केंद्राची खूण आणि सराफाची खूण असते. तें सोनें खोटें ठरत नाहीं. तसेंच घरांतल्या बिनछापाच्या जुन्या दागिन्यांवर कसलीहि बंदी नाहीं. ते ठेवतां येतात, आणि सराफाला विकतांहि येतात.

आतां या छापानें काय कळत नाहीं तेंहि पाहिलें पाहिजे, कारण फसगत बहुधा तेथेंच होते. छाप कसाविषयीं बोलतो. भावाविषयीं, घडणावळीविषयीं बोलत नाहीं. खड्यांचें वजन सोन्यांत धरलें कीं काय, पोकळ दागिन्यांत लाख किती भरली, हें तो सांगत नाहीं. म्हणून पावतीवर डागाचें वर्णन, सोन्याचें निव्वळ वजन, कॅरट व हजारांतील कस आणि हॉलमार्कचा आकार हीं सर्व वेगवेगळीं लिहून घ्यावीं. तसा नियमच आहे. मागण्यांत संकोच नसावा. दोन ग्रॅमांहून कमी वजनाचे डाग, कुंदन, पोलकी व जडावाचे दागिने, आणि वर्षाला चाळीस लाखांच्या आंत उलाढाल असलेले सराफ यांना सक्तींतून सूट आहे. बारीकशी चमकी किंवा लहान बाळाची अंगठी बिनछापाची निघाली तर लगेच गैरसमज करून घेऊं नये.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे छापासारखें दिसणारें सर्वच कांहीं छाप नसतें. नुसता '९१६' हा आंकडा कोणालाहि ठोकतां येतो. शेजारीं त्रिकोणी चिन्ह आणि क्रमांक नसेल, तर तो केवळ दुकानदाराचा शब्द आहे. 'केडीएम' या अक्षरांविषयींहि असाच मोठा भ्रम आहे. तो शुद्धतेचा दाखला नव्हेच. पूर्वीं सांधे जोडण्याच्या डाखांत कॅडमियम हा धातु घालीत, त्यावरून तें नांव पडलें. त्या डाखानें दागिन्याचा कस फारसा घसरत नसे, हें खरें; पण कॅडमियमचा धूर जोडकाम करणाऱ्या कारागिराच्या फुप्फुसांना अत्यंत अपायकारक असतो. आपल्या गळ्यांतल्या सांध्यासाठीं दुसऱ्याचा श्वास जाऊं नये, एवढ्यासाठीं तरी ह्या अक्षरांचें कौतुक आपण सोडावें.

चांदीविषयीं थोडक्यांत सांगतों. चांदीचा कस प्रथमपासूनच हजारांत सांगतात. स्टर्लिंग म्हणून जी चांदी प्रसिद्ध आहे ती ९२५ ची; ८०० व ८३५ या उतरत्या प्रती, आणि ९७०, ९९० व ९९९ या चढत्या. १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या चांदीच्या डागांवरहि सहा अक्षरी क्रमांक येऊं लागला. मात्र त्या वेळीं चांदीला छापाची सक्ती नव्हती. म्हणून ताट, समई, पैंजण घेतांना छापाचाच माल मागणें हें गिऱ्हाइकाचें काम आहे. चांदी काळी पडली म्हणून ती खोटी, हा समज चुकीचा आहे. हवेंतील गंधकाच्या संयोगानें चांगली चांदीहि काळवंडते. उलट 'जर्मन सिल्व्हर' कितीहि पांढरें चमकलें तरी त्यांत चांदीचा कणहि नसतो. तें तांबें, निकेल आणि जस्त यांचें मिश्रण आहे.

शेवटीं शंका आली तर काय करावें? कोणाहि गृहस्थाला आपला दागिना मान्यताप्राप्त केंद्रांत नेऊन ठराविक शुल्क भरून तपासून घेतां येतो. छापांत लिहिलेल्याहून कस कमी भरला, तर विकत घेतलेल्या वजनावर जेवढी तूट येते तिच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च गिऱ्हाइकाला मिळावा, असा २०१८ च्या नियमांत स्पष्ट उल्लेख आहे. माझ्या मावशींना दहा माशांचा जाब विचारायला कोणी नव्हतें. आज छापाचा दागिना घेणाऱ्या स्त्रीला आहे. मात्र त्यासाठीं पावती जपून ठेवली पाहिजे, आणि ती दागिन्याच्याच डबींत नव्हे, तर वेगळ्या जागीं.

आपल्याकडे म्हणतात कीं, कान सोनारानेंच टोचावे. तें योग्यच आहे. ज्याचें काम त्यानें करावें. पण टोचलेल्या कानांत काय घालावयाचें, तें पारखण्याचें काम तिसऱ्यावर सोंपवावें. यांत सोनारावर अविश्वास नाहीं. उलट प्रामाणिक सोनाराला त्याच्या शब्दापलीकडचा पुरावा मिळतो आणि अप्रामाणिकाशीं त्याची गल्लत होत नाहीं.

गेल्या वर्षीं आमच्या घरीं लग्न होतें. मावशींचें वय आतां ऐंशीच्या घरांत आहे. मुलीसाठीं आणलेल्या पाटल्या त्यांच्या हातांत दिल्या, तेव्हां नक्षी कशी आहे हें त्यांनीं पाहिलें नाहीं. पोथी वाचण्याचें भिंग मागितलें, खिडकीशीं गेल्या, आंतल्या बाजूस कोरलेलीं तीं सहा अक्षरें एकेक करून मोठ्यानें वाचलीं आणि नातवाला मोबाईलवर घालावयास लावलीं. समोर कस आला, बावीस कॅरट. मग त्यांनीं पाटल्या मुलीच्या हातांत चढवल्या आणि म्हणाल्या, "आतां खुशाल घाल."

त्या शब्दांत जो निर्धास्तपणा होता, तो आपणां सर्वांच्या घरीं असावा. भिंग प्रत्येक घरांत असतेंच. तें सणाच्या आधीं, खरेदीच्या दिवशींच बाहेर काढावें, एवढीच माझी विनंती.